सिस्टर, नववीचं दार उघडा

महाराष्ट्रात मुलींच्या शाळा चालवणाऱ्या सर्व कॅथलिक संन्यासिनी संघांच्या प्रोव्हिन्शियल सिस्टर आणि त्यांच्या शाळांच्या मुख्याध्यापिका यांना,



मी तुमच्यापैकीच एका शाळेची माजी विद्यार्थिनी. कॅथलिक नाही. माझ्यासारख्या जोशी, जाधव, शेख तुमच्या वर्गांत किती असतात ते तुम्हाला सांगायला नको. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण बोलायचंय ते कुठल्या एका शाळेबद्दल नाही. विनंती आधीच सांगून टाकते. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांतून आठवी झालेल्या मुलींसाठी तुमच्या नववीच्या वर्गात दरवर्षी काही जागा ठेवा. विनाशुल्क, त्याच गणवेशात, त्याच बाकांवर.

ही मागणी तुमच्याकडेच का, याचं पहिलं कारण म्हणजे तुमच्या शाळेनं मला काय दिलं ते मला नेमकं ठाऊक आहे. लोक इंग्रजीचं नाव घेतात. इंग्रजी मिळालं, खरंच मिळालं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की मुलींच्या शाळेत सगळी कामं मुलीच करतात. गॅदरिंगच्या आदल्या दिवशी हॉलमधले बाक ओढणं, माइकची वायर गालिच्याखालून नेऊन चिकटपट्टीनं दाबणं, पडदा अडकला तर स्टुलावर चढून तो सोडवणं. ‘कुणा मुलाला बोलवा गं’ म्हणायची सोयच नव्हती. पुढे मिश्र कॉलेजात गेले आणि फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला पाहिलं, की टेबलापाशी मुलं उपकरणाला हात लावताहेत आणि मुली शेजारी उभ्या राहून वहीत आकडे टिपताहेत. कुणी तसा नियम केला नव्हता, आपोआप होत होतं. मी व्हर्नियर कॅलिपर उचलला तेव्हा शेजारचा मुलगा जरा चमकलाच. आमच्या लॅबमध्ये मोजणारी आणि लिहिणारी, दोघी मुलीच असायच्या. त्या सवयीवर माझी पुढची सगळी नोकरी उभी आहे.

ही सवय चौदा-पंधरा वर्षांच्या वयात लागते. आणि नेमकं त्याच वयात आपल्याकडे गरिबाघरच्या मुलीची शाळा सुटते.

कायदा काय म्हणतो ते तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता, पण वाचकांसाठी थोडक्यात सांगते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं खासगी विनाअनुदानित शाळांना प्रवेशाच्या पहिल्या पायरीवर २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायला लावल्या. १२ एप्रिल २०१२ ला सर्वोच्च न्यायालयानं ही तरतूद उचलून धरली, मात्र विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना तिच्यातून वगळलं. पुढे ६ मे २०१४ च्या प्रमती खटल्याच्या निकालात त्याच न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं अनुदानित-विनाअनुदानित सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना कायद्याबाहेर ठेवलं. २०२५ च्या सप्टेंबरात दोन न्यायमूर्तींच्या पीठानं त्या निकालाबद्दल शंका उपस्थित करून प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवलं. त्याचं काय व्हायचं ते होवो. तुमच्यावर सक्ती यावी म्हणून मी हे पत्र लिहीत नाही. राज्यघटनेच्या कलम ३० नं अल्पसंख्याकांना दिलेला, आपल्या शाळा आपण चालवण्याचा हक्क तुमचा आहे आणि आजच्या हवेत तो जपायला हवा, असंच माझं मत आहे. आणि ज्यांच्यावर सक्ती आहे ते काही आनंदानं दारात उभे नाहीत. २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्याच राज्य सरकारनं, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून मोकळीक, अशी पळवाट काढली होती. जुलैत मुंबई उच्च न्यायालयानं ती रद्द केली म्हणून बरं.

पण या सगळ्या कोर्टकज्ज्यात एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. हा कायदा चौदा वर्षांपर्यंतचा, म्हणजे आठवीपर्यंतचा. पंचवीस टक्क्यांतून चांगल्या शाळेत शिरलेल्या मुलीलासुद्धा नववीच्या जूनमध्ये फीची पावती दाखवतात. पालिकेच्या कित्येक शाळा सातवी-आठवीला संपतात. पुढची शाळा लांब असते, रिक्षाचे पैसे नसतात, धाकटा भाऊ सांभाळायला कुणी नसतं, आणि ‘आता मोठी झाली’ हे वाक्य घरात फिरायला लागतं. कायद्याचं बोट सुटतं ते इथे. माध्यमिक शाळा हेच तुमचं बळ आहे आणि नेमक्या याच जागी तुमचं दार बंद आहे. कुणी दुष्टपणानं बंद केलंय असं नाही. तुमच्या नववीत जागाच नसते, कारण ती जागा दहा-अकरा वर्षांपूर्वी नर्सरीच्या प्रवेशाला भरलेली असते. नर्सरीला कोण येतं? ज्या घरात तीन वर्षांच्या पोरीसाठी कॉन्व्हेंटचा फॉर्म कधी निघतो हे माहीत असतं, ते घर.

तुमच्यापैकी अनेक शाळांच्या माध्यमिक विभागाला सरकारी अनुदान आहे, शिक्षकांचे पगार सरकार देतं. म्हणजे नववीचा वर्ग चालतो जनतेच्या पैशावर आणि भरतो नर्सरीच्या यादीवर.

आता दुसरं कारण, तुम्ही शिकवलेली मूल्यं. आमच्या वेळी कॅथलिक मुली धर्मशिक्षणाच्या तासाला जायच्या आणि आम्ही बाकीच्या मॉरल सायन्सला. पुस्तक गुळगुळीत कागदाचं, गोष्टी छान. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत बाईंच्या टेबलावर एक डबा असायचा, खाऊचे पैसे त्यात टाकायचे. ख्रिसमसला तांदूळ, साखर, जुने स्वेटर. सगळं ‘गरिबांसाठी’. हे गरीब राहतात कुठे, त्यांची आमच्याएवढी मुलगी आत्ता काय करत असेल, हे ना आम्ही विचारलं ना कुणी सांगितलं. आणि ती फार लांब नव्हतीच. सकाळी वर्ग झाडणाऱ्या, उलटी झाली तर राख टाकणाऱ्या मावशी आम्हाला नावानं ओळखायच्या. त्यांच्या मुली कुठल्या शाळेत जातात हे आमच्या वर्गात एकीलाही माहीत नव्हतं. निदान आमच्या वर्गात तरी त्या नव्हत्या.

तुमच्या संस्थापिकांच्या गोष्टी मात्र आम्हाला पाठ होत्या. जीझस अँड मेरी संघाच्या क्लोदिन तेव्हने या ल्योंच्या. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धुमाळीत, १७९४ मध्ये, त्यांचे दोन भाऊ मारले गेले. १८१५ मध्ये एका पाद्रींनी चर्चच्या दारात कुडकुडत बसलेल्या दोन टाकून दिलेल्या मुली त्यांच्या स्वाधीन केल्या. कामाची सुरुवात त्या दोघींपासून. ल्यों हे रेशमाचं गाव, म्हणून मुलींना रेशीम विणायला शिकवलं, हाताला काम दिलं. कनोसियन संघाच्या माग्दालेना या वेरोनाच्या उमराव घराण्यातल्या. १८०८ मध्ये वाडा सोडून सान झेनो या गरीब वस्तीत राहायला गेल्या. लोरेटोच्या सिस्टर ज्या परंपरेतून आल्या त्या मेरी वॉर्ड यांनी सतराव्या शतकात हट्ट धरला, की संन्यासिनींनी मठाच्या भिंतीआड न राहता मुलींच्या शाळा चालवाव्यात. पोपनी १६३१ मध्ये त्यांचा संघ मोडीत काढला आणि त्यांना म्युनिकच्या एका मठात कोंडून ठेवलं. या बायका काही सौम्य नव्हत्या. फाउंडर्स डेच्या नाटकात मात्र आम्ही त्यांना फारच सौम्य करून टाकायचो, डोक्यावर पांढरी ओढणी आणि हातात मेणबत्ती देऊन.

तुम्ही म्हणाल, सांगणं सोपं आहे, शाळा चालवून बघा. बरोबर. म्हणून कल्पनेतली नाही, घडलेली गोष्ट सांगते, आणि ती तुमच्याच गोतावळ्यातली आहे.

कोलकात्याच्या सियालदह स्टेशनजवळ लोरेटो डे स्कूल ही मुलींची शाळा. स्टेशन म्हटलं की फलाटावर वाढणारी मुलं आली, फुटपाथवर संसार करणारी कुटुंबं आली. १९७९ मध्ये सिस्टर सिरिल मूनी तिथे मुख्याध्यापिका झाल्या. मूळच्या आयर्लंडच्या, १९५६ पासून भारतात. तेव्हा शाळेत आठशेच्या आत मुली होत्या आणि त्यांतल्या नव्वदेक विनाशुल्क शिकत होत्या. वीसेक वर्षांत शाळा चौदाशेवर गेली आणि त्यातल्या निम्म्या मुली फी भरत नव्हत्या. निम्म्या, सिस्टर. गणवेश एकच, वर्ग एकच.

पुढचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. १९८० च्या दशकात त्यांनी फुटपाथवरच्या मुलांसाठी शाळेच्या गच्चीवर ‘रेनबो’ नावाचा वर्ग सुरू केला. मूल येईल तेव्हा येणार. पोट भरण्यासाठी कागद वेचून, पाणी भरून, भीक मागूनही आलेलं असणार. त्याला चाळीस जणांच्या वर्गात बसवून उपयोग नाही, एकास एक शिकवायला हवं. एवढे शिक्षक आणायचे कुठून? तर शाळेतल्याच मुली. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या मुलींना कार्यशिक्षणाचा जो तास असतो, त्या तासाला त्या गच्चीवर जायच्या आणि एकेका मुलासमोर बसून त्याला वाचायला शिकवायच्या. गुरुवारी मुलींची एक मोठी तुकडी शहराबाहेरच्या गावांतल्या शाळांत शिकवायला जायची. रस्त्यावर राहणाऱ्या मुलींना पुढे शाळेतच रात्रीचा निवाराही मिळाला. शाळेतल्या मुलींनी आपापल्या गल्लीत, आपल्याच बिल्डिंगमध्ये घरकामाला ठेवलेली लहान मुलं शोधून काढली, त्यांच्याशी ओळख केली. शोध कधी स्वतःच्या नातेवाइकांच्या दारापर्यंतही गेला असेल, तेव्हा त्या मुलीनं काय केलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. मॉरल सायन्सच्या कुठल्याही धड्यात एवढा अवघड प्रश्न मला कुणी घातला नव्हता.

सिस्टर सिरिल २०११ पर्यंत मुख्याध्यापिका होत्या. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०२३ मध्ये त्या गेल्या.

त्याच कोलकात्यात, त्याच लोरेटो संघाच्या एंटाली इथल्या सेंट मेरीज या मुलींच्या शाळेत मदर तेरेसा भूगोल शिकवत होत्या, हे सगळ्यांना ठाऊक असतं. शाळेच्या भिंतीपलीकडे मोतीझील ही झोपडवस्ती होती. १९४८ मध्ये त्या शाळा आणि संघ दोन्ही सोडून बाहेर पडल्या आणि मोतीझीलमध्ये जमिनीवर काडीनं अक्षरं काढून शिकवू लागल्या. १९४९ मध्ये त्यांना येऊन मिळालेली पहिली मुलगी, सुभाषिणी दास, ही त्यांचीच विद्यार्थिनी. तेरेसांना वस्तीत जायला शाळा सोडावी लागली. सिरिल मूनींनी शाळेत राहून वस्तीला आत घेतलं. मला विचाराल तर शाळा चालवणाऱ्यांसाठी दुसरं उदाहरण जास्त उपयोगाचं आहे, जरी जगात पहिल्याचं नाव मोठं झालं.

महाराष्ट्रात सियालदह करा असं मी म्हणत नाही. आधी नववी तरी. तुमच्यापैकी काही शाळांच्या आवारात दुपारी वस्तीतल्या मुलांचे वर्ग भरतात, काही ठिकाणी शाळा सुटलेल्या मुलींना बाहेरून दहावीला बसवतात, हे मला माहीत आहे आणि त्यामागच्या कष्टांना मी नावं ठेवणार नाही. पण ती दुपारची मुलगी सकाळच्या मुलीला भेटत नाही. सकाळची मुलगी गेली की फाटक उघडतं आणि दुपारची आत येते. युरोपातल्या जुन्या मठांत असंच असायचं, फी भरणाऱ्यांची एक शाळा आणि शेजारी गरिबांची दुसरी.

अडचणी आहेत. पैशाची अडचण मला सगळ्यांत हलकी वाटते. नववीच्या तुकडीत दरवर्षी कुणाच्या वडिलांची बदली होते, कुणी सीबीएसईकडे जातं. अशा पाच-सहा जागा सुटतात. अनुदानित वर्गात पाच मुली वाढल्या म्हणून पगाराचा खर्च वाढत नाही. गणवेश, पुस्तकं, बसचा पास, दुपारचा डबा एवढंच उरतं. ते आमच्याकडून घ्या. आमच्या बॅचचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत, त्यांवर रियुनियनचं जेवण कुठल्या हॉटेलात यावर तीन-तीन आठवडे खल चालतो. एका जेवणात दोन मुलींचं वर्ष निघेल.

भाषेची अडचण मात्र खरी आहे. मराठी माध्यमातली मुलगी एकदम नववीच्या इंग्रजी वर्गात बसवली तर ती बुडेल, आणि दोष तिलाच लागेल. पण आता पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळांत सेमी-इंग्रजी आहे, गणित-विज्ञान इंग्रजीतून झालेलं असतं. राहतात इतिहास, भूगोल आणि बोलण्याचा धीर. आठवीची परीक्षा एप्रिलमध्ये संपते. मे महिन्यात शाळेचे वर्ग ओस पडलेले असतात. या मुलींना तिथे बोलवा आणि शिकवायला तुमच्याच नववी-दहावीच्या मुली बसवा. जून उजाडला की कार्यानुभवाचा तास आहेच. त्या तासाला आम्ही काय केलं ते आठवतं. लोकरीची बदकं, काचेवर रंगवलेले मोर आणि एक टेबलक्लॉथ, जो माझ्या आईनं पूर्ण केला. तो तास एका मुलीला भूगोल समजावण्यात गेला असता तर मलाही थोडा भूगोल आला असता.

एक गोष्ट मात्र आधी सोडावी लागेल. आमच्या शाळेत मराठी बोललं की दंड होता. मॉनिटर वहीत नाव लिहायची आणि शुक्रवारी नाणं द्यावं लागायचं. मला त्याचं फार दुःख झालं असं नाही, आम्ही कोपऱ्यात जाऊन मराठी बोलायचो आणि मॉनिटरही आमच्यात असायची. पण ज्या मुलीला पहिल्याच दिवशी प्यायचं पाणी कुठे आहे हे मराठीतच विचारता येणार आहे, तिच्या नावापुढे दंड लागला तर ती दुसऱ्या दिवशी येणार नाही. हा नियम जिथे कागदावर किंवा नुसता सवयीनं अजून शिल्लक असेल, तिथे तो काढून टाका. वसईत, नगरकडच्या खेड्यांत तुमच्याच चर्चमध्ये मिस्सा मराठीत होते, फादर फ्रान्सिस दिब्रिटो मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. देवासमोर चालणारी भाषा मधल्या सुट्टीत चालायला हरकत नसावी.

पालकांची कुरकुर होईल. निकाल खाली येईल, ‘वातावरण’ बिघडेल असं ते म्हणतील. मी स्वतः पालक आहे, पालक सभेतली ती कुजबुज मला चांगली ऐकू येते. या बाबतीत तुमचा दरारा कामाला येऊ द्या. आमच्या स्कर्टची लांबी, रिबनचा रंग, नखं यांबद्दल तुम्ही कधी पालकांची परवानगी घेतली होती?

शेवटची अडचण लिहिताना मला संकोच वाटतो, पण ती टाळून चालणार नाही. २०२५ च्या जुलैत छत्तीसगडच्या दुर्ग स्टेशनवर केरळच्या दोन सिस्टरना धर्मांतर आणि मानवी तस्करीच्या आरोपाखाली अटक झाली. सोबत नोकरीसाठी निघालेल्या सज्ञान तरुणी होत्या. सिस्टरना जामीन मिळेपर्यंत आठवडा गेला. आज तुम्ही श्रीमंताची मुलगी भरपूर फी घेऊन शिकवलीत तर कुणी काही विचारत नाही, उलट प्रवेशासाठी आमदारांची चिठ्ठी येते. गरिबाची मुलगी फुकट शिकवलीत की फाटकावर माणसं जमण्याची भीती. या भीतीपोटी तुम्ही हात आखडता घेत असाल तर तुम्हाला दोष देण्याचा अधिकार मला नाही. दोष आमचा आहे, आम्ही गप्प बसतो. म्हणून सुचवते, की हे काम उघड्यावर करा आणि आम्हाला मध्ये उभं करा. मुलींची नावं पालिकेच्या शाळेच्या मुख्याध्यापिकांनी द्यावीत. निवड समितीत तुमच्या हिंदू, मुस्लिम, बौद्ध माजी विद्यार्थिनी असाव्यात. अख्खं शालेय आयुष्य तुमच्याकडे काढूनही आम्ही आमच्याच घरचे सण करतो, हे सांगायला फाटकावर आम्ही उभ्या राहू. तुम्ही आत वर्ग घ्या.

या पत्राचं उत्तर लांब नको. तुमच्या प्रत्येक शाळेत आज नववीत किती मुली आहेत आणि त्यातल्या किती पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेतून आल्या, एवढे दोन आकडे कळवा. आकडा शून्य असेल तर शून्य लिहा. आणि मे महिन्याचे वर्ग घ्यायचं ठरलं तर त्याची नोटीस फाटकाच्या बाहेरच्या बाजूला लावा, मराठीत, मोठ्या अक्षरात, खाली फोन नंबर घालून. फोन उचलायला माणूस नसेल तर शनिवारी मी येते.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी